घर बदलतं, कर्जदार तोच असतो

प्रति,
गृहकर्ज विभागप्रमुख,
सर्व बँका व गृहवित्त कंपन्या



डोंबिवलीतल्या एका मध्यम आकाराच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. सभासदाला फ्लॅट विकायचा असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र माझ्या सहीने जातं. नवा सभासद कर्ज काढून आला की त्याच्या शेअर सर्टिफिकेटवर तुमचा बोजा चढवायचा आणि कर्ज फिटलं की उतरवायचा, तेही माझ्याच रजिस्टरमध्ये. तुमच्याशी माझा संबंध आला तो ग्राहक म्हणून कमी आणि तुमच्या ग्राहकांचा शेजारी म्हणून जास्त. ही तक्रार कोणा एका बँकेविरुद्ध नाही. सरकारी, खासगी, सहकारी, गृहवित्त कंपनी, सगळीकडचा अनुभव थोड्याफार फरकाने सारखा आहे, म्हणून पत्र सगळ्यांनाच.

प्रश्न असा आहे. वन-बीएचकेत आठ-दहा वर्षं काढलेलं कुटुंब. मुलं मोठी झाली, गावाकडून आई-वडील राहायला आले, आता टू-बीएचके हवा. राहत्या घरावर कर्ज बाकी आहे; आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. जुनं घर विकून नवं घेताना हे कर्ज सोबत न्यायचं, की फेडून टाकून नवं काढायचं? निर्णय कुटुंबाचा, असं आपण धरून चालतो. पण माझ्या टेबलावरून गेलेल्या फायलींत तो कुटुंबाने घेतलेला मला क्वचितच दिसला. कोणता कागद कोणाच्या आधी हलतो, त्यावर तो परस्पर ठरून गेलेला असतो.

शाखेत विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: ‘हे लोन क्लोज करा, मग नवीन अप्लाय करा.’ बाहेर भेटणारा डीएसए, म्हणजे बँकांचा कर्ज-एजंट, म्हणतो, ‘आमच्याकडे या, पाव टक्का कमी करून देतो.’ दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील, पण दोन्ही पर्यायांचा हिशेब शेजारी-शेजारी मांडून दाखवणारा माणूस या सगळ्या व्यवहारात कुठेच नसतो.

हीच अडचण इंग्लंडमध्ये वेगळ्या रूपात आहे. तिथे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींना ती चांगली ठाऊक असेल. तिथलं गृहकर्ज बहुधा दोन किंवा पाच वर्षांसाठी ठरलेल्या दराचं असतं आणि त्या मुदतीत ते फेडलं तर दंड बसतो. म्हणून घर बदलताना तोच दर नव्या घरावर नेण्याची सोय, ज्याला ते ‘पोर्टिंग’ म्हणतात, बऱ्याच कर्जांत आधीच लिहिलेली असते. सोय आहे म्हणून सगळं सुखाचं नाही. उत्पन्नाची तपासणी नव्याने होते आणि जास्तीची रक्कम लागली तर ती त्या दिवसाच्या दराने मिळते. पण पर्याय कागदावर आहे, त्याची किंमत माहीत आहे, आणि ग्राहकाला तुलना करता येते.

आपल्याकडे दंडाचा प्रश्न केव्हाच संपला. जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बदलत्या दराच्या गृहकर्जावरचा मुदतपूर्व फेडीचा आकार बँकांना बंद करायला लावला; गृहवित्त कंपन्यांनाही तोच नियम आहे. बहुतेकांचं कर्ज बदलत्या दराचंच असतं. म्हणजे आपल्याकडे हा निर्णय तिथल्यापेक्षा सोपा असायला हवा होता. इंग्लंडच्या कर्जदाराला दंड अडवतो. आपल्या कर्जदाराला कागद अडवतो.

तो कसा, हे तुम्हाला माहीत आहे, पण वरिष्ठ पातळीवर बसून कदाचित दिसत नसेल. घराची मूळ कागदपत्रं म्हणजे नोंदणीकृत करार, आधीच्या मालकांच्या करारांची साखळी, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, बोजा चढवलेलं शेअर सर्टिफिकेट. ही सगळी तुमच्या ताब्यात. जुनं घर घेणाऱ्याची बँक ती हाती येण्याची खात्री झाल्याशिवाय पैसे सोडायला कचरते, आणि पैसे खात्यात पडल्याशिवाय तुम्ही कागद सोडत नाही. यावर तोडगा म्हणून तुम्ही दोन पत्रं देता: कर्जाची बाकी सांगणारं फोरक्लोजर लेटर आणि तुमच्याकडच्या कागदांची यादी. या यादीच्या पत्रासाठी शाखेत अर्ज द्यावा लागतो, शाखा तो कुठल्याशा मध्यवर्ती कार्यालयाला पाठवते, तिथून उत्तर येईपर्यंत फोरक्लोजर लेटरची मुदत संपते आणि दररोजचं व्याज वाढून आकडा बदलतो. घेणाऱ्याच्या बँकेचा चेक जुन्या आकड्याचा निघालेला असला की काहीशे रुपयांसाठी खातं बंद होत नाही. खातं बंद नाही तोवर कागद परत द्यायची मुदत मोजायलाही सुरुवात होत नाही.

ही मुदत रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने घातली, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, नोंदवलेला बोजा उतरवायचा, आणि उशिराची चूक तुमची असेल तर दिवसाला ५,००० रुपये ग्राहकाला द्यायचे. कागद तुमच्याकडून हरवले तर नकला मिळवायला मदत करायची आणि खर्चही सोसायचा. नियम उत्तम आहे. पण तीस दिवस ही शेवटची रेघ आहे, तुम्ही तिला नेहमीचा वेळ करून टाकलंत. कागद परराज्यातल्या गोदामात ठेवणं तुम्हाला स्वस्त पडत असेल, ते तिथून आणायला लागणारे दिवस मात्र आमच्या खात्यातून जातात. सेरसाईच्या, म्हणजे तारणांच्या केंद्रीय, नोंदवहीतला बोजा उतरायला वेळ लागला तर घेणाऱ्याच्या बँकेचा वकील शोध-अहवालात तो दाखवतो आणि गाडी पुन्हा अडते.

या काळात कुटुंब काय करत असतं? नव्या घराचं टोकन देऊन झालेलं असतं. तिकडच्या विक्रेत्याने करारनाम्याची तारीख दिलेली असते. त्यांचं स्वतःचं भांडवल तर जुन्या घरात अडकलेलं. नवं कर्ज मागायला गेलं की तुम्ही पात्रता मोजताना जुना हप्ता चालू धरता. तो हप्ता येत्या दोन महिन्यांत संपणार आहे, विक्रीचा करार नोंदवून झाला आहे, हे सांगूनही आकड्यात फरक पडत नाही. मग बायकोचे दागिने सोनेतारणात जातात, मेहुण्याकडून हातउसने येतात, नाहीतर वैयक्तिक कर्ज निघतं. या फटीसाठी म्हणूनच ब्रिज लोन हा प्रकार आहे: जुनं घर विकलं जाईपर्यंतचं अल्प मुदतीचं कर्ज, व्याज गृहकर्जाहून चढं. तुमच्यापैकी काहींकडे तो आहेही. पण दागिने गहाण ठेवून आलेल्या माणसाला शाखेत कोणी त्याचं नाव सांगितलं होतं, असं माझ्या ऐकिवात नाही.

आता आकड्यांकडे येतो, कारण माझी खरी तक्रार इथे आहे.

समजा जुन्या कर्जाची बाकी २४ लाख, मुदत उरलेली १२ वर्षं, दर ८ टक्के. हप्ता साधारण २५,९८० रुपये आणि पुढच्या १२ वर्षांत एकूण व्याज सुमारे १३ लाख ४० हजार. तुमचा प्रतिनिधी हेच २४ लाख नव्या कर्जात घालून २० वर्षांचा तक्ता दाखवतो. हप्ता उतरतो २०,०७५ वर. महिन्याला जवळपास सहा हजार वाचले म्हणून नवरा-बायको खूश. पण व्याज आता सुमारे २४ लाख १८ हजार होतं. दर तोच, मुद्दल तेच, आणि पावणेअकरा लाख जास्त. दुसरीकडे मुदत १२ वर्षंच ठेवून दर अर्धा टक्का कमी मिळाला, तर सगळ्या मुदतीत मिळून वाचतात सुमारे ९४ हजार. ज्या पाव टक्क्यावर तुमची जाहिरात उभी असते, तो या हिशेबात किरकोळ आहे. मुदत पुन्हा वीस वर्षांवर नेणं हेच खरं महाग, आणि तुमच्या अर्जात २० वर्षं हा आकडा बहुधा आधीच भरलेला येतो.

मुदत वाढवणं कधीच योग्य नसतं असं मी म्हणत नाही. नव्या घराचा हप्ता झेपत नसेल तर दुसरा इलाज नाही. पण मग ती मुदत नव्या जास्तीच्या रकमेला लावा. दहा वर्षं फेडत आणलेल्या जुन्या बाकीला पुन्हा पहिल्या दिवसावर नेऊन का बसवता? दोन भागांची दोन खाती ठेवता येतात, दोन मुदती ठेवता येतात. मागितलं तर तुम्ही देताही. न मागता कोणी सुचवत नाही.

दराबद्दल. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला, जोडलेली आहेत. रेपो सगळ्यांना सारखाच. फेब्रुवारी २०२५ च्या कपातीआधी तो ६.५० टक्के होता, डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ झाला. ग्राहकागणिक फरक पडतो तो रेपोवर तुम्ही चढवलेल्या स्प्रेडमध्ये. नव्या ग्राहकाला ओढायला तुम्ही स्प्रेड खाली आणता, जुना मात्र ज्या स्प्रेडवर सही करून गेला त्यावरच राहतो. म्हणजे वर्षानुवर्षं वेळेवर फेडणारा माणूस काल आलेल्यापेक्षा महाग कर्ज फेडतो, आणि ते त्याला घर बदलायची वेळ येईपर्यंत कळतही नाही. कर्जदाराच्या जोखमीचा भाग सोडला तर स्प्रेडचे इतर घटक तीन वर्षांतून एकदाच बदलता येतात, असं कारण शाखेत सांगितलं जायचं. ते खाली आणण्यापुरती ही अट २०२५ च्या दुरुस्तीने सैल झाली आहे. जुना ग्राहक टिकवण्यासाठी तुम्ही ते तीन वर्षांआधीही कमी करू शकता. त्यामुळे ती सबब आता ठेवून द्यावी.

ज्यांचं कर्ज अजून बँकेच्या स्वतःच्या मापदंडावर, म्हणजे एमसीएलआर किंवा त्याआधीच्या बेस रेटवर, रखडलं आहे, त्यांना माझा सल्ला सरळ असतो: जुनं सोबत नेण्यात अर्थ नाही, नवं काढा, मुदत तेवढी जुनी ठेवा. गृहवित्त कंपन्यांच्या ग्राहकांनीही हाच विचार करावा, कारण तिथला दर कंपनीच्या स्वतःच्या मापदंडावर हलतो आणि रेपो उतरला म्हणून तो उतरेलच असं नाही. याउलट ज्याचा स्प्रेड चांगला आहे, मुदत थोडी उरली आहे आणि नवं घर फार महाग नाही, त्याने जुनं कर्ज मोडू नये. त्याला हवं असतं ते तारण बदलून मिळणं: जुन्या घरावरचा बोजा उतरवून नव्या घरावर चढवायचा, खातं तेच, दर तोच, उरलेले हप्ते तेच.

यात कायद्याची अडचण मला तरी दिसत नाही. कर्जाचा करार माणसाशी झालेला असतो, घर हे तारण. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ पासून आहे आणि गहाण सोडवून घ्यायचा हक्कही त्यात तेव्हापासून आहे. खर्च लागेल, हे मान्य. नव्या घराचा कायदेशीर शोध आणि मूल्यांकन पुन्हा, नव्या गहाणावरचं मुद्रांक शुल्क पुन्हा, दुय्यम निबंधकाकडे नोटीस ऑफ इंटिमेशन ३० दिवसांत पुन्हा. पण उत्पन्नाची सगळी उठाठेव करायची गरज नाही. परतफेडीचा दहा वर्षांचा इतिहास तुमच्याच संगणकात आहे. मधल्या काळात तारण काय, असा प्रश्न तुमचा जोखीम विभाग विचारेल. विक्रीतून आलेले पैसे, निदान कर्जाच्या बाकीइतके, तुमच्याच बँकेत ठेव म्हणून अडकवून ठेवा आणि नव्या घराचा करार नोंदला की सोडा. रोख ठेवीइतकं भक्कम तारण तर फ्लॅटही नसतो.

तुमच्यापैकी काही जण असं तारण बदलून देतात, हे मी पाहिलं आहे. पण कोणाला मिळतं? ज्याची मुख्य कार्यालयात ओळख आहे, किंवा जो शाखा व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये चिकाटीने बसतो. दरपत्रकात त्याची फी नाही, संकेतस्थळावर अर्ज नाही, किती दिवस लागतील याचा शब्द नाही. ही सोय जाहीर करा. फी लावा, जास्त लावायची तर लावा, पण आकडा छापा. आम्हा सोसायट्यांना सरकारने हस्तांतर अधिमूल्यावर कमाल २५,००० रुपयांची मर्यादा घातली आहे आणि ती आम्ही नोटीस बोर्डावर लावतो. तुमच्या प्रोसेसिंग फीला अशी सरसकट मर्यादा नाही. निदान ती फी बोर्डावर तरी लागावी.

मोठं घर घेताना आणखी एक गोष्ट आधी सांगितली जात नाही. घराच्या किमतीच्या तुलनेत कर्जाची मर्यादा रकमेच्या टप्प्यांवर बदलते: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८०, त्यापुढे ७५. पहिलं घर घेताना दहा टक्के भरलेल्या माणसाला दुसऱ्या वेळी वीस-पंचवीस टक्के भरायचे आहेत हे मंजुरीपत्र हाती पडल्यावर समजतं. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत, ती रोख उभी करावी लागते. मुंबई-ठाण्याकडे ७० लाखांच्या घरावर ही रक्कमच चार-पाच लाखांच्या घरात जाते. दागिने मोडायची वेळ बहुधा इथेच येते.

विम्याचंही तसंच. पहिलं कर्ज देताना एकरकमी हप्त्याचा विमा कर्जातच घालून गळ्यात मारलेला असतो. कर्ज मधेच बंद झालं की उरलेल्या मुदतीच्या हप्त्याचं काय, पॉलिसी चालू ठेवता येते की काही रक्कम परत मिळते, हे क्लोजरच्या कागदांत एका ओळीने लिहा. त्याऐवजी नव्या कर्जासोबत नवी पॉलिसी पुढे सरकवली जाते.

करांचा विषय तुमचा नाही, तो सनदी लेखापालाचा. पण तारखांचा क्रम तुमच्यामुळे बिघडतो म्हणून नमूद करतो. जुन्या घरावरच्या भांडवली नफ्याची सवलत हवी तर नवं घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावं लागतं. जुन्या करपद्धतीत मुद्दलावर वजावट घेतली असेल आणि ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर ती वजावट उलटते. ज्याने पाचवं वर्ष भरायला थोडे दिवस बाकी असताना विक्री केली, त्याला हे जुलैमध्ये विवरणपत्र भरताना कळतं.

तर मागणं काय? विक्रीचा नोंदणीकृत करार दाखवला की पात्रता मोजताना जुना हप्ता वगळा. कागदांची यादी आणि बाकीचा आकडा एकाच अर्जावर, एकाच वेळी द्या, आणि आकड्यासोबत दररोजचं व्याज लिहा म्हणजे चेक कमी पडणार नाही. कर्ज बंद करायची लेखी सूचना आली त्याच दिवशी गोदामातून फाइल मागवा, पैसे येईपर्यंत थांबू नका. घेणाऱ्याची बँक आणि तुम्ही यांच्यात कागद परस्पर सोपवायची पद्धत लावा. बॅलन्स ट्रान्सफरच्या वेळी एका बँकेचे कागद दुसरीकडे जातातच, मग विक्रीच्या वेळी तो भार ग्राहकाच्या खांद्यावर का? हे सगळं व्हायला वेळ लागेल, बैठका होतील, हे मी समजू शकतो.

एक गोष्ट मात्र उद्यापासून होऊ शकते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट देणं तुम्हाला बंधनकारक आहे. त्यात एकूण व्याज, सगळे आकार आणि एपीआर, म्हणजे आकार धरून पडणारा वार्षिक दर, एका ठिकाणी येतं. घर बदलणाऱ्या जुन्या कर्जदारासाठी त्याच पानाला आणखी एक रकाना जोडा. एका बाजूला जुनं कर्ज उरलेल्या मुदतीसह नव्या घरावर नेलं तर एकूण किती भरावं लागेल, दुसऱ्या बाजूला ते मोडून नवं काढलं तर किती, दोन्हीकडे फी, शुल्क आणि शेवटच्या हप्त्याची तारीख. हा हिशेब तुमच्या संगणकाला क्षणात जमतो. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची गरज नाही. तुमच्यापैकी जी बँक हे पान आधी काढेल, तिने एक प्रत आमच्या सोसायटीला पाठवावी. मी ती जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर, हस्तांतर अधिमूल्याच्या आकड्याशेजारी लावीन.

कळावे,

आपला विश्वासू,
सचिव,
एक सहकारी गृहनिर्माण संस्था,
डोंबिवली (पूर्व)